आवाजाची तक्रार काल्पनिक आहे

८ जानेवारी २००४, गुरुवार

कार्ड बसलं! मासिकातलं सर्किट बघून मी स्वतः जोडलेलं. तुमरीगुड्याच्या ट्रस्टच्या दवाखान्यात, चोवीस सेलच्या बॅटरी बँकेवर. प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजतं, एखादा सेल उतरला की लाल दिवा लावतं. लसीचा फ्रिज आणि सर्पदंशाच्या औषधाचा फ्रिज याच बॅटऱ्यांवर चालतात. म्हणजे एका अर्थी अख्ख्या पट्ट्याचे प्राण माझ्या कार्डावर. येताना जीपमध्ये कय्यूमभाईंना तसं बोलून दाखवलं. बॅटऱ्या त्यांच्या दुकानातल्या. ते म्हणाले, प्राण अल्लाच्या हाती भाऊ, आपण डिस्टिल्ड वॉटर पाहाचं.

बॅटरी खोलीचा माणूस पत्रू. पस्तिशीचा. बोलतो इतका हळू की नुसते ओठ हलतात. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात. सहा वर्षांपासून रोजंदारीवर आहे. ३१ मार्चला कायम करायच्या लोकांची यादी नागपूरला जाते, त्यात त्याचं नाव लागणार असं डॉक्टर नजमा मॅडम म्हणाल्या. निघताना त्याने पळसाच्या पानाच्या पुड्यात चारोळी दिली. गेल्या उन्हाळ्यातली, स्वतः फोडलेली. भला माणूस.

९ जानेवारी

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मासिकातल्या सर्किटमध्ये पॉलिस्टरचे कंडेन्सर होते. मी सिरॅमिकचे टाकले. मोहरीएवढे, सुबक, नागपूरहून पाकीटभर आणलेले घरात पडून होते. 'सिरॅमिक कंडेन्सर कधीकधी आवाज करतात' अशी एक तळटीप त्याच मासिकात आहे. तळटिपा मी वाचत नाही. ही वाचली, पण कार्ड बसवून आल्यावर.

मनाला लावून घ्यायचं कारण नाही. आवाज असता तर मला ऐकू आला असता. तीस वर्षं साउंड सर्व्हिस चालवतो. लग्न, जयंती, प्रचारसभा, सगळीकडे भोंग्याला खेटून उभा राहिलेलो आहे. आलापल्लीपासून सिरोंचापर्यंत माझ्यासारखा कान नाही.

१९ जानेवारी

कय्यूमभाईंच्या दुकानात पत्रूचा निरोप. कार्ड वाजतं म्हणे.

कसं वाजेल? त्यात स्पीकर नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

तुमरीगुड्याला स्वतः जाऊन आलो. शास्त्रीय तपासणी केली: स्क्रू ड्रायव्हरचं टोक कार्डावर, मूठ कानाला. चिडीचूप. मग सिस्टरचा स्टेथोस्कोप लावला. त्यातही चिडीचूप. पत्रूला म्हणालो, तूच ऐक. त्याने स्टेथोस्कोप घेतलाच नाही. दारात उभा राहून म्हणाला (दोनदा विचारावं लागलं), "भाऊ, मले इथूनच आयकू येते. सीं सीं करून राह्यलं थे. दुपारी फ्रिज थांबला का जास्तच कोकलते." भिंतीपलीकडे बाळंतिणींची खोली आहे. तिथली लेकरं दुपारी निजत नाहीत, असंही त्याचं म्हणणं.

लेकरं कुठेच निजत नाहीत.

त्याला समजावलं, बाहेर किडे असतील. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग पुन्हा चारोळीचा पुडा दिला. घ्यायला नको होता. घेतला.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदनाला माझा साउंड. हेडमास्तर म्हणाले, आवाज कानात सुईसारखा घुसतो. ट्रेबल पूर्ण ठेवलं नाही तर शब्द कळत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार?

घड्याळाचा अलार्म बंद पडला. चिनी माल. कुकरची शिट्टीही गेली. बायको कांता म्हणते चार झाल्या. मला एकही ऐकू आली नाही. भात मात्र शिजला होता.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आवाज नाहीच. पण तक्रारदाराचं समाधान हाही सर्व्हिसचा भाग असतो. कंडेन्सर कार्डाच्या पाटीला पक्के चिकटवून टाकले की ज्याला ऐकू येतं त्यालाही येणार नाही. चांगला डिंक हवा. कांताने लाडवांसाठी धावड्याचा डिंक आणून ठेवला आहे. त्यातला मूठभर (विचारून) (नंतर विचारेन) घेतला, कोमट पाण्यात भिजवला. पकड यावी म्हणून थोडा गूळ. ही माझी स्वतःची कल्पना.

तुमरीगुड्याला नेऊन लावला. कान लावून पाहिला. पूर्ण शांत. आधीइतकाच शांत, पण आता शास्त्रोक्त.

११ फेब्रुवारी

मुंग्या.

पत्रूचा निरोप: कार्डावर मुंग्यांची रांग लागली, लाल दिवा आपोआप लागतो-विझतो, आणि आवाज आहे तसाच आहे. कय्यूमभाईंनी निरोप सांगताना तोंड फिरवलं. खांदे हलत होते. खोकला असावा.

गुळाचं कांताला बोललो नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कार्ड धुतलं, पुसलं, परत बसवायला गेलो तेव्हाची गोष्ट. डॉक्टर मॅडम कॅम्पला गेलेल्या. बसवून जेवायला गेलो, परत येतो तर काय, पत्रूने कार्डावर घोंगडी पांघरलेली! वर चुंबळ करून दाबलेली. हात लावला तर कार्ड तव्यासारखं तापलेलं. म्हणाला, "एक बाई आडवी झाली भाऊ पलीकडं. रातभर कळा देऊन राह्यली होती. जरासाक डोळा लागू द्या तिचा."

माझा संताप झाला. कार्ड जळलं असतं तर नाव कोणाचं गेलं असतं? लेटरहेड बॅगेत होतंच. तिथेच ऑफिसात बसून रिपोर्ट लिहिला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. प्रत इथे उतरवून ठेवतो, कारण भाषा बरी जमली आहे:

'उपकरणाची सर्व कसोट्यांवर तपासणी केली. आवाजाची तक्रार काल्पनिक आहे. ऑपरेटरने उपकरणावर घोंगडी टाकून ते धोक्यात आणले. सदर ऑपरेटरच्या कानांची तपासणी व्हावी. तोवर त्यास बॅटरी खोलीत ठेवू नये. — देवराव, ध्वनी व इलेक्ट्रॉनिक्स तज्ज्ञ, अनुभव ३० वर्षे.'

कंडेन्सर बदलल्याचं त्यात लिहिलेलं नाही. तो विषयच नव्हता.

२७ फेब्रुवारी

मॅडमचं पत्र. आभार मानले आहेत. पत्रूला बॅटरी खोलीतून काढून भाजीच्या बागेत पाठवलं. बाग कायम यादीत बसत नाही, तेव्हा नाव 'तूर्त बाजूला ठेवलं'. ३१ मार्चच्या आत काही वेगळं निष्पन्न झालं तर कळवावं.

बरं झालं. म्हणजे बरं झालं असं नाही. नियमाप्रमाणे झालं.

आज कांताने खीर केली. चारोळी घातली होती. एक वाटी खाल्ली. दुसरी नको म्हणालो. पोट जड आहे.

५ मार्च

घरच्या फळीवर जादा कार्ड टेस्टिंगला लावून ठेवलं होतं. सापडेना. तांदळाच्या कोठीत निघालं. कांताने पुरलं होतं, वर पायली ठेवून. म्हणे दीड महिन्यापासून डोकं उठलं आहे. "तुमाले सांगतलं तं आयकू येत नाई, अन् थे दुसऱ्यायले काई आयकू येऊ देत नाई!"

तिचं बीपी तपासून घ्यायला हवं.

चारोळीचा डबा फळीवर नेमका डोळ्यांसमोर येतो. वरच्या फळीवर सरकवला.

९ मार्च

यंदा रातकिडे नाहीत. संध्याकाळी मुद्दाम ओसरीवर बसलो. एकही नाही. जंगल संपत आलं. याविषयी वरपर्यंत लिहायला हवं.

वरच्या फळीवरचा डबा ओसरीवरूनही दिसतो.

१४ मार्च, रविवार

ठरवलं की सोक्षमोक्ष लावायचा. जाहीर प्रात्यक्षिक. मग पत्रूचंही समाधान होईल आणि माझंही (मला काही झालेलं नाही).

योजना: घरचं कार्ड चालू करायचं. त्याला माईक चिकटवायचा. माईक अँप्लिफायरला, अँप्लिफायर भोंग्याला. आवाज असेल तर हजार पटीने ऐकू येईल. नसेल तर अख्ख्या मोहल्ल्यासमोर सिद्ध होईल की नाही. कय्यूमभाईंना बोलावलं, शेजारच्यांना बोलावलं. दुपारी चार वाजता, अंगणात.

बटण दाबलं. शांत.

व्हॉल्यूम पूर्ण केला. शांत. मी दोन्ही हात वर करून म्हणालो, बघा!

बघायला कोणी नव्हतं. कांता कानांत बोटं घालून विहिरीआड. कय्यूमभाई रुमाल डोक्याला आवळून स्कूटरकडे. शेजारचे आपापल्या घरात, दारं लावून. गल्लीतली सहा कुत्री तोंड वर करून रडत होती. ती मला नीट ऐकू आली.

अँप्लिफायरचा काटा लाल पट्टीच्या शेवटाला टेकून थरथरत होता. काट्याला कान नसतात. त्याचं कोणाशी वैर नाही, बीपी नाही.

मी किती वेळ तसाच हात वर करून उभा होतो, माहीत नाही. कांताने येऊन प्लग काढला. काही बोलली नाही. किंवा बोलली असेल.

१५ मार्च

कय्यूमभाईंना विचारलं, तुम्हाला पहिल्यापासून ऐकू येत होतं? येत होतं. मग बोलला का नाहीत? "देवरावभाऊ, तुमी इतके एक्सपर्ट. मीनं सोचलं, नई मशीन असंच बजत असन."

आता सगळं कळतं, न कळायला काय झालं? लोड कमी झाला की सप्लाय थांबत-थांबत चालतो. दर वेळी सिरॅमिकचा कंडेन्सर जरासा फुगतो आणि आकसतो, खालची पाटी त्याच्यासोबत हलते. स्पीकरचा कागद हलतो तशी. तीस वर्षं स्पीकरचे कागद चिकटवले मी. पॉलिस्टर टाकले असते तर हे झालंच नसतं.

पत्रू खरं बोलत होता. मी खोटं लिहिलं. सही करून लिहिलं.

उद्याच पत्र लिहितो. ३१ ला अजून सोळा दिवस आहेत. भरपूर आहेत.

१७ मार्च

पत्राला सुरुवात केली. 'रिपोर्टमध्ये किरकोळ दुरुस्ती' असं लिहिलं. खोडलं. लेटरहेड संपत आलं आहे, कच्चं आधी साध्या कागदावर करायला हवं.

पॉलिस्टरचे कंडेन्सर नागपूरहून मागवले. पत्र आणि कंडेन्सर एकदमच नेलेले बरे.

२१ मार्च

कंडेन्सर आले. जयंतीच्या कमिटीची बैठक. पुढे ढकलता येण्यासारखी नव्हती. (होती.)

२४ मार्च, बुधवार

नुसत्या पत्राला वजन येत नाही, सोबत दाखला हवा म्हणून चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या वाजवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. मी बटण दाबून पंचवीसपैकी पंचवीस मिळवायच्या तयारीने बसलो. सुरुवातीच्या जाड शिट्ट्यांना दाबलं, मग बराच वेळ पुढचं काही सुरूच होईना. मग दार उघडून म्हणाले, संपलं.

कागदावर रेघ काढली आहे. अर्ध्यापर्यंत सरळ येते आणि मग विहिरीत उडी मारावी तशी खाली जाते. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? सांगितलं. त्यांनी मान हलवली, भोंगेवाले त्यांच्याकडे बरेच येतात. यंत्र लावा म्हणाले. महिनाभराने मिळेल.

'सदर ऑपरेटरच्या कानांची तपासणी व्हावी.' वाक्य माझंच आहे.

२८ मार्च

पत्र तयार. सगळं लिहिलं: कंडेन्सर, गूळ, कान. वाचून पाहिलं तर माझ्या नावावर काहीच शिल्लक राहत नाही. उद्या देतो.

२९ मार्च

स्टँडवर गेलो. जीप आली. मागची जागा होती, उलटी. मागे बसलं की मला मळमळतं. पुढची जीप पाहू म्हटलं.

पुढची आलीच नाही. (आली होती. पान खात होतो.)

३१ मार्च, बुधवार

घरीच.

संध्याकाळी कांताने वरच्या फळीवरचा डबा काढला, माझ्यासमोर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली.

२ एप्रिल, शुक्रवार

कय्यूमभाई सोबत आले म्हणून गेलो. नवे कंडेन्सर बसवले. त्यांनी आणि सिस्टरने कान देऊन सांगितलं, बंद झाला आवाज. मी विश्वास ठेवला. पर्याय नाही.

पत्र नजमा मॅडमना दिलं. उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. त्या ठणठणीत आवाजात बोलतात, उपकार आहेत. म्हणाल्या, यादी परवा गेली. आता पुढच्या मार्चला. बॅटरी खोलीत नागपूरहून कायमचा माणूस येतो आहे. "तुम्ही तज्ज्ञ म्हणून सही केली होती, देवरावभाऊ. मी त्याच्या शब्दापेक्षा तुमची सही मोठी धरली. चूक माझीही आहेच." असं म्हणाल्या नसत्या तर बरं वाटलं असतं.

पत्रू बागेत वांग्यांना पाणी घालत होता. त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, चुकलो. पहिल्यांदाच म्हटलं असेल कोणाला, जिभेला सवय नाही. तो ऐकत होता. मग बोलला. बराच वेळ बोलला, वांग्यांकडे बघत. मला एक शब्द आला नाही. पुन्हा सांग म्हणायची लाज वाटली. नेमकं त्यालाच कसं म्हणणार? मी मान हलवत राहिलो, हो, हो.

जीपमध्ये कय्यूमभाईंना विचारलं, काय म्हणाला? ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "थे तुमाले बोलला. तुमीच जाऊन इचारा त्याले."

१४ एप्रिल

जयंती. विहारासमोर साउंड माझाच, पण ट्रेबलचं बटण कांताच्या हाती. बऱ्याच लोकांनी येऊन सांगितलं, यंदा आवाज फार छान. तीस वर्षांत पहिल्यांदा कोणी सांगितलं.

३ मे, सोमवार

यंत्र आलं. शेंगदाण्याएवढं. कानामागे बसतं. त्याला चण्याच्या डाळीएवढा सेल.

घरी येऊन पहिलं काम: घरचं जुनं कार्ड कोठीतून काढलं (कांताने पुन्हा पुरलं होतं), चालू केलं.

पाच मिनिटंही बसवलं नाही. बाळंतिणीच्या उशाशी हे जवळजवळ तीन महिने वाजत होतं. मी त्याला किडे म्हणालो.

संध्याकाळी ओसरीवर बसलो. रातकिडे आहेत. सगळे आहेत. जंगल जिथल्या तिथे आहे.

ठरलं, पत्रूकडे पुन्हा जायचं, आणि या वेळी ऐकून यायचं. शिव्या असतील तर शिव्या.

९ मे

ऊन फार आहे. ४६. या आठवड्यात नक्की.

१४ मे, शुक्रवार

गेलो. एकटा. मागच्या सीटवर, उलटा बसून. मळमळलं.

सेलवर कंपनी 'दहा दिवस' लिहिते. कंपन्या हात राखून लिहितात. मी अनुभवावरून चौदा धरले होते, आज अकरावा. जादा सेल सोबत घेतला नाही.

पत्रू आळं करत होता. कुदळीचा आवाज, पाईपातल्या पाण्याचा, पलीकडच्या खोलीत पाळण्याच्या दोरीचा, सगळे आले. त्याच्याजवळ बसलो आणि सरळ सांगितलं, त्या दिवशी तू काय बोललास ते मला ऐकूच आलं नव्हतं, उगाच मान हलवली. आज यंत्र आहे. आज सांग.

त्याने कुदळ ठेवली. हात पुसले. त्याचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला. बारीक, थोडा घोगरा. म्हणाला, "भाऊ, मीनं त्या दिवशी असं म्हटलं का, मले तुमचा राग..."

कानात दोनदा टिक-टिक झालं आणि जग बंद पडलं.

ओठ हलत राहिले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते मध्येच थांबले. माझ्या कानातली ती टिक-टिक त्याला दोन हातांवरून ऐकू आली होती. त्याने खिशातून बॅटरी खोलीची जुनी वही काढली. अजून जवळ बाळगतो. पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं: 'सेल गेला.' बाजूला तारीख, वेळ. सवयीने. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि खाली लिहिलं: 'बोललो ते आयकलं ना?'

मी जोरात मान हलवली. हो.

त्याला बरं वाटलेलं दिसलं. कुदळ उचलून कामाला लागला. निघताना चारोळीचा पुडा दिला, नव्या मोसमाची.

घरी कांताने वहीच्या पानावर लिहून विचारलं, काय म्हणाला? मी म्हणालो, बरंच काही.

जादा सेल आणणे. सेल चंद्रपूरलाच मिळतो. सोमवारी पाहू.